आमच्या घरचे भन्ते

माझे थोरले काका भिक्खू झाले, असं आमच्याकडे सांगितलं जायचं. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या चाळीत नवं बिऱ्हाड आलं की त्यांना ही गोष्ट पहिल्या आठवड्यात कळायची, कारण माझे वडील स्वतःच ती सांगायचे. थोरल्या भावाने चीवर घेतलं, संसार सोडला, आता बिहारकडे कुठल्याशा विहारात असतात. ऐकणारा हात जोडायचा. आमच्या लोकांत घरातला एक माणूस धम्माला दिला म्हणजे केवढा मान! दुसऱ्या कुणाचा भाऊ वेडा झाला असता तर त्याने ‘दुबईला गेलाय’ म्हणून सांगितलं असतं. माझ्या वडिलांना भिक्खू सुचला, आणि इतका चांगला सुचला की त्यावर कुणी दुसरा प्रश्नच विचारला नाही.

मला खरं कळलं ते नववीत. वडील दर महिन्याला ‘समाजाच्या कामाला’ म्हणून बदलापूरला जायचे. त्या महिन्यात त्यांना कावीळ झाली. आईने कपड्यांची पिशवी आणि महिन्याचे पैसे माझ्या हातात दिले आणि कुळगावच्या पुढे, बारवीच्या रस्त्यावरच्या एका वाडीत मला पाठवलं. तिथल्या बाईच्या हातात द्यायचं, आत जायचं नाही, लगेच परत यायचं. नववीतल्या मुलीला आत जाऊ नको म्हटल्यावर ती कुठे जाणार? गोठ्यात म्हशीच्या पलीकडे एक माणूस गोणपाटावर बसला होता. पाय साखळीने खांबाला बांधलेला. दाढी छातीपर्यंत आली होती, पण नाक, कपाळ आणि एक भुवई वर करून बघायची लकब हुबेहूब माझ्या वडिलांची. तो हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होता आणि मधेच थांबून उत्तर ऐकत होता. घरची बाई मागून आली.

“घाबरू नको गो, तुजा चुलता हाय,” ती म्हणाली. “मारीत नाय कुनाला. पन सोडला की रानात जातो, मंग दोन दोन दिस गावत नाय.”

घरी आले तेव्हा वडिलांनी अंथरुणातूनच माझं तोंड पाहिलं आणि काय ते ओळखलं. रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. “हे बाहेर कळलं तर तुला कोण करून घेईल?” त्यांनी विचारलं. “धाकट्यालाही सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.” धाकटा म्हणजे माझा भाऊ, तेव्हा चौथीत होता. मी मान हलवली. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. मला ते पटलं होतं.

वडिलांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली तेव्हा देव सुटले, अंगात येणं सुटलं, भगताचा उंबरा सुटला. काका बिघडले तेव्हा गावचे नातेवाईक म्हणाले, बाहेरचं आहे, भगताकडे न्या. वडिलांनी त्यांना हाकलून दिलं, आणि त्याचा त्यांना जन्मभर अभिमान होता. पण भगत सोडला तरी डॉक्टर काही त्यांनी धरला नाही. डॉक्टरकडे केसपेपर, केसपेपरवर आडनाव, आणि ते वाचणारा त्यांच्या कारखान्यातला कुणीतरी ओळखीचा निघणारच. त्यापेक्षा त्यांना गोठा बरा वाटला. याचा राग मला आजही येतो.

भाऊ बारावीत नापास झाला आणि उल्हासनगरात जीन्स शिवायच्या कारखान्यात लागला. तिथला कटिंग मास्तर जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर चिलीम भरायचा. थोड्याच दिवसांत भाऊ लाल डोळ्यांनी घरी यायला लागला, दोन माणसांचं जेवायला लागला, भिंतीकडे बघून हसायला लागला. मी त्याला मोरीपाशी गाठलं.

“अगं ताई, सगळेच मारतात दम,” तो म्हणाला. “दारूपेक्षा बरा ना? झाडपाला आहे नुसता. टेन्शन नको घेऊ.”

मास्तर पंधरा वर्षं गांजा ओढत होता आणि तरी कापड सरळ रेषेत कापत होता. पण मास्तरच्या घरी गोठ्यात बांधलेला चुलता नव्हता. मला शास्त्र कळत नव्हतं, तरी भावाच्या त्या हसण्यामागे मला गोठ्यातला माणूस दिसला. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या महिन्यात कल्याणचे लोक मला बघायला येणार होते. “बाबांना कळलं तर तंगडं मोडतील,” एवढंच बोलून मी ताटं घासायला बसले.

वर्षभरात त्याचं हसणं बंद झालं. कानात कापसाचे बोळे घालून बसायचा. शिलाई मशिनी आपल्याबद्दल बोलतात म्हणायचा. आईच्या हातचं खाईना, आधी तिला खायला लावायचा. शेवटी कारखान्याचा सिंधी सेठ त्याला स्वतः रिक्षात घालून घरी घेऊन आला. “साईं, आपका लडका सुनता किसी को है, जवाब किसी और को देता है,” तो वडिलांना म्हणाला. “मशीन में हाथ चला जाएगा. डॉक्टर को दिखाओ.” परक्या माणसाने दारात येऊन सांगितलं, तेव्हा आम्ही डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर उल्हासनगरातच, बाजारावरच्या माडीवर बसायचे. आई-वडील, भाऊ आणि मी, चौघं गेलो. डॉक्टरांनी खूप वेळ भावाशी गोड बोलून सगळं काढून घेतलं. आवाज, मशिनी, गांजा, कधीपासून, किती. मग वडिलांकडे वळून त्यांनी विचारलं, “खानदान में पहले किसी को ऐसा कुछ?”

“नाही,” वडील म्हणाले. “माझे थोरले बंधू भिक्खू आहेत.”

आईने पदर तोंडाशी धरला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. माझी सुपारी फुटली होती. डॉक्टरांनी लिहिलं आणि म्हणाले, मग हे गांजामुळे दिसतंय, गांजा सुटला तर निवळेल, तीन-चार महिन्यांनी गोळ्याही बंद करू. वडिलांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. पोरगा गांजेकस निघाला, ही बदनामी होती, पण तिला कारण होतं आणि उपाय होता. संगत वाईट, असं चारचौघांत म्हणता येत होतं. वेड रक्तात आहे, असं कोण म्हणतं?

त्यांनी ते चारचौघांतच म्हटलं. रविवारच्या वंदनेला भावाला विहारात सगळ्यांपुढे उभं केलं आणि पाचवं शील, नशा न करण्याचं, त्याच्याकडून एकट्याकडून मोठ्याने वदवून घेतलं. लोक “साधु, साधु, साधु” म्हणाले. बायकांनी डोळे पुसले. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते वडिलांनी इतरांबरोबर रोजच्यासारखंच म्हटलं, आणि मीही.

भावाने शब्द पाळला, हे मला सगळ्यात जास्त लागतं. त्याने गांजाला पुन्हा हात लावला नाही. गोळ्यांनी तो जाडा आणि सुस्त झाला, पण माझ्या लग्नात त्याने पंगतीत वाढलं, पाहुण्यांशी नीट बोलला. ठरल्याप्रमाणे चौथ्या महिन्यात गोळ्या बंद झाल्या. पुढच्या दोन महिन्यांत कापसाचे बोळे परत आले. वडिलांनी ठरवून टाकलं की पोरगा चोरून ओढतोय. रोज संध्याकाळी त्याचं तोंड हुंगायचे, खिसे उलटे करायचे, आणि काही सापडलं नाही म्हणून जास्त मारायचे. “बाबा, शप्पथ, नाही ओढत,” तो ओरडायचा, आणि भिंतीपलीकडे अख्खी चाळ ऐकायची. मी कल्याणला सासरी होते. आई येऊन रडायची, मी तिला चहा द्यायचे आणि परत पाठवायचे.

मग त्याच्या मनाने स्वतःच वाट काढली. नशा तर सोडली, तरी आवाज येतात. म्हणजे हा आजार नाही. म्हणजे काकाच बोलावतायत. आपल्या घरात एक भिक्खू झाला, दुसरा आपण. त्याने वडिलांच्या वस्तऱ्याने डोकं भादरलं, आईचं पिवळं लुगडं अंगावर घेतलं आणि एका सकाळी काकांना शोधायला निघून गेला.

अकरा दिवसांनी तो वालधुनी नदीच्या काठावर, उल्हासनगरच्या मागच्या बाजूला, बेशुद्ध सापडला. अनवाणी, कारखान्यांच्या सांडपाण्यातून चालून पाय सडले होते. उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. मी पाच महिन्यांची गरोदर होते. त्याला घेऊन आम्ही पुन्हा त्याच माडीवर गेलो, आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आत, नवऱ्यासमोर, मी बोलून टाकलं. काका वेडे होते. कधीच भिक्खू नव्हते. त्यांनी आयुष्यात विडीसुद्धा ओढली नाही.

वडील उठून बाहेर जिन्यावर जाऊन बसले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “ये पहले बोलना था बेटा,” ते म्हणाले. “मैं दवा बंद नहीं करता. और जिसके घर में ये है, उसको तो गांजे से दूर रहने को सबसे पहले बोलना था.” नवऱ्याने मला टाकलं नाही. इतकी वर्षं ज्याची भीती घातली आणि घेतली, ते झालंच नाही. सासू काही महिने माझ्याशी बोलली नाही, मग बाळ झाल्यावर बोलायला लागली.

भाऊ गोळ्यांवर सावरला, जितका सावरायचा तितका. पावसाळ्यानंतर मी बाळाला घेऊन माहेरी गेले होते, तेव्हा तो अजून न भरलेल्या पायाचं बँडेज सोडत दारात बसला होता. त्याने शांतपणे विचारलं, “काका कुठे असतात मग?”

मी सांगितलं. वाडी, गोठा, साखळी. माझ्या लग्नाआधी तीन आठवडे ते गेले, वडिलांनी तिकडेच उरकलं, घरात दुखवटा पाळला नाही, हेही सांगितलं. तो शिव्या देईल, रडेल, निदान विचारेल की तुला कधीपासून माहीत होतं. मी तयार होते.

“म्हणजे तेव्हा मी गोळ्यांवर होतो, नीट होतो,” तो म्हणाला. “जाऊ शकलो असतो. त्यांना तरी विचारलं असतं.”

“काय?”

“की आवाज यायला लागले की काय करायचं.”