कुंपणाबाहेरची पायवाट

वस्तीत सगळे त्याला शिट्टीमामा म्हणत. कारखान्यांच्या धुरात गुदमरलेल्या त्या वस्तीतली एकुलती एक बाग तो राखायचा आणि कुणी आत पाऊल टाकलं की शिट्टी फुंकायचा. बाग दोन वर्षांपासून तयार होती, पण साहेबांना म्हणे फीत कापायला सवड नव्हती.

डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बजावलं, "हृदय थकलंय तुमचं. रोज झाडाझुडपांत, मोकळ्या हवेत चाला."

"अहो, मला तरी सोडा की आत," ती म्हणाली.

"आज तुला सोडलं तर उद्या अख्खी वस्ती घुसेल. माझी नोकरी जाईल."

ती हसली. रोज सकाळी कुंपणाच्या कडेकडेने, ट्रकांची धूळ खात, ती बागेला बाहेरूनच फेऱ्या मारू लागली. चालून चालून तिथे पायवाट पडली. उन्हाळा सरायच्या आत ती गेली.

महिन्याभरात साहेब आले, दहा मिनिटं थांबले, फीत कापून गेले.

आता म्हाताऱ्याकोताऱ्या खुशाल हिरवळीवर बसतात. मामाने शिट्टी कधीच खुंटीला टांगली. आतल्या रोपांना पाणी घालून झालं की तो खुरपं घेऊन कुंपणाबाहेर जातो आणि त्या पायवाटेवर उगवलेलं गवत उपटून काढतो.