माझ्या हातची पहिली पानगी

जामसरकडच्या एका बाईने लहानपणी मला फसवले. राजेसाहेबांच्या दसऱ्यासाठी आम्ही जव्हारला उतरलो होतो. आया बाजारात गेल्या, तेव्हा या अनोळखी बाईने आम्हा पोरांना चुलीभोवती बसवले. तांदळाच्या पिठात काकडी आणि गूळ कालवून तिने प्रत्येकाला हळदीच्या पानावर पानगी थापायला लावली.

मी घासाघीस करून जास्तीचा गूळ मिळवला. सगळ्यांत जाड पानगी माझी! पान करपू लागले, वास सुटला, आम्ही नाचू लागलो. बाई पदराने धूर वारत हसत होती. मग तिने माझी पानगी उचलली आणि शेजारच्या शेंबड्या पोरीला दिली.

"ए आये, ती माझी हाय!"

"म्हणून तर तिला दिली, बाबू. आपल्या हातचं पयलं आपण खायाचं नाय. दुसऱ्यानं खायाचं, नि कशी झाली ते सांगायाचं."

पोरीने डोळे मिटून ती खाल्ली, पानसुद्धा चाटले आणि आईची हाक येताच पळाली. बोलली काहीच नाही!

बाईचा न्याय आज मला पटतो, पण तो अर्धाच झाला. पोरी, असशील तिथून जबाब दे: कशी झाली होती?