ओट्याची उंची

आमच्या संघटनेसाठी मी एक पत्रक लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य जाड अक्षरात होतं : बाईला जमिनीवरून उठवा. चुलीपुढे, पाट्यापुढे, मोरीपुढे उकिडवं बसून आयुष्य काढणाऱ्या बायांच्या गुडघ्यांबद्दल ते पत्रक होतं आणि त्यातल्या एका अक्षराचीही मला आज लाज वाटत नाही. अकोल्याला गेलो तेव्हा आईला ते वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, नीट घडी केली आणि म्हणाली, “बरोबर हाये. फक्त उठून जाऊ कुठं, थे नाई लिवलं तू.”

“अमरावतीला चल,” मी म्हणालो. “माझ्याकडे.”

हे बोलणं आमच्यात सारखं चालायचं. वडील गेल्यापासून ती अकोल्याच्या दोन खोल्यांत एकटी. मी अमरावतीत शिकवण्या घेतो, उरलेल्या वेळात मोर्चे आणि पत्रकं. सहा वर्षं जेवण डब्याचं. डब्यातली भाजी रोज वेगळ्या नावानं येते आणि चव तीच असते. वडिलांनी कधीकाळी बडनेऱ्याच्या बाजूला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यावर मी घर बांधायला काढलं ते एकाच कारणासाठी, आई यावी म्हणून. ती हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. म्हणायची, “पहिले सैपाकघर दाखव. मंग सांगतो.”

म्हणून घराचा नकाशा मी स्वयंपाकघरापासून सुरू केला. आधी आजूबाजूची पाचसहा नवी घरं बघून आलो आणि प्रत्येक ठिकाणी डोकं फिरलं. हॉल एवढा की त्यात सभा घ्यावी. स्वयंपाकघर म्हणजे सगळ्यांना वाटून झाल्यावर उरलेला तुकडा. खिडकी असते, पण ती संडासाच्या पाइपांकडे उघडते. टीव्हीवर उजेड पडू नये याचा विचार करणारी माणसं भाजी निवडणाऱ्या बाईवर उजेड कुठून पडेल याचा विचार करत नाहीत. हे चुकून होत नाही. ज्यांना तिथं कधी उभं राहायचं नसतं, तेच नकाशे काढतात.

मी काढलेल्या नकाशात स्वयंपाकघर समोर होतं. दहा बाय नऊ, रस्त्याकडे मोठी खिडकी, दोन भिंतींना धरून ओटा. आमचे मिस्त्री चांदूर रेल्वेचे, वडिलांच्या वयाचे. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

“भाऊ, सैपाकघर समोर? अन् शेगडी आग्नेयेले नाई?”

“शेगडी खिडकीपाशी. मी दिशा बघत नाही, उजेड बघतो.”

“लोक हासतीन.”

“हसू द्या.”

“तुमाले नाई, मले हासतीन. मालकानं बिघडवलं असं कोनी म्हनत नाई, मिस्त्रीनं बिघडवलं म्हन्तेत.”

ओट्याच्या उंचीवरूनही वाद झाला. त्यांचं ठरलेलं होतं, तेहेतीस इंच, जिकडं तिकडं तेवढाच. हे तेहेतीस कोणी ठरवले, कोणाला विचारून ठरवले? मी मागच्या खेपेला अकोल्यात टेप घेऊन आईचं कोपर जमिनीपासून मोजून आणलं होतं. पस्तीस इंच. त्यातून चार वजा. “एकतीस,” मी सांगितलं. “हा ओटा माझ्या आईच्या कोपराचा आहे.” हे वाक्य मला फार आवडलं होतं. पुढच्या पत्रकात घालायचंही ठरवून टाकलं होतं.

पण रात्रंदिवस पेन्सिल घेऊन बसलो तरी कागदावर जे यायला पाहिजे ते येत नव्हतं. डोळ्यांपुढे यायचं ते अकोल्याचं स्वयंपाकघर. ते चांगलं नव्हतं, हे आधीच सांगतो. आठ बाय सात. ओटा नाही. शेगडी एका फरशीच्या तुकड्यावर, आईचा पाट तिच्यासमोर, सगळे डबे बसल्या जागी हाताला येतील असे. भिंत तेलकट. उन्हाळ्यात भट्टी.

तरी जयंतीच्या, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी तिथं मांडे व्हायचे. मागचं दार सताड उघडं टाकून चूल बाहेर पेटायची, तिच्यावर मातीचं मडकं पालथं. आजूबाजूच्या घरांतल्या तीनचार बाया आमच्याकडे जमायच्या. पुरण भरलेला सैल गोळा आई दोन्ही हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत पसरवायची, जुन्या धोतरासारखा पातळ, आणि त्या तापल्या मडक्यावर अलगद सोडायची. दुसरी उलटवायची, तिसरी जाळ बघायची. आणि सगळ्या मिळून बोलायच्या. कोणाचा नवरा, कोणाची सासू, कोणाचा साहेब. मी दारात दिसलो की आवाज एकदम बंद. “आला इनिस्पेक्टर,” एक मावशी म्हणायची, हातावर गरम मांडा ठेवायची आणि मला हाकलायची. मी चार पावलं गेलो की मागून हसण्याचा लोट उठायचा.

त्या बायांचे गुडघे मी पत्रकात लिहिले. हसणं लिहिलं नाही, कारण ते मला कधी पूर्ण ऐकायलाच मिळालं नाही. अजून कधीकधी शिकवणी सुटल्यावर रिकाम्या बाकांकडे बघत बसलो की वाटतं, मागे वळून एकदा तरी त्या दारात जावं आणि कोणी गप्प होऊ नये.

आखणीच्या दिवशी आई आली. सकाळच्या गाडीनं, अकोल्याहून बडनेरा. मिस्त्रींनी प्लॉटवर सुतळी धरून पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. घर म्हणजे अजून नुसत्या रेघाच. मी घाईनं तिच्याकडे निघालो तर तिनं हात वर केला.

“भिंतीतून काहून येऊन राहिला? दार तिकडं हाये.”

मिस्त्री हसले. मी फिरून दारातून गेलो. ती दारातून आत आली, हॉल ओलांडला, स्वयंपाकघराच्या रेघांत उभी राहिली. मी खिडकी दाखवली, ओटा दाखवला, भांड्यांची जागा, पाण्याची जागा. ती सगळं ऐकत होती. मग मधोमध मांडी घालून मातीत बसली आणि दोन्ही हात पसरले. मांडा पसरवताना पसरतात तसे. डावा हात ओट्याच्या रेघेपलीकडे गेला.

मला काय झालं माहीत नाही. मी चपलेनं ती रेघ पुसायला लागलो. “हा ओटा काढून टाकू. एकाच भिंतीला ठेवू. इकडे सगळी जमीन मोकळी, तुला बसायला. पत्रकबित्रक गेलं उडत.”

“अरे थांब. चुना नको वाया घालवू.”

“मांडे कुठं करशील मग?”

“मांडे एकटीनं होतेत काय?” ती म्हणाली. “जाळ कोन पाहीन? उलटवीन कोन? तू?”

“इथंही लोक राहायला येतील. समोरचा प्लॉट विकला गेलाय.”

“येतीन तवा येतीन. मले साठ वर्सं झाले, बावा. नवीन बाईपाशी मनातलं बोलाले दहा वर्सं लागतेत.”

ती उठली. जवळच्या घमेल्यातून मूठभर चुना घेतला आणि मी पुसलेली रेघ पुन्हा ओढली. माझ्यापेक्षा सरळ. मी विचारायचं ते अजून विचारलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळेल याची भीती होती. तेवढ्यात मिस्त्री आले. “भाऊ, कडप्पा सांगाले चाललो. ओटा एकतीसच धरू ना?”

मी हो म्हणणार तोच आईनं माझ्या हातातला टेप घेतला. “चप्पल काढ. सरळ उभा राय. हात वाकव.” तिनं टेपचं टोक पायाच्या अंगठ्यापाशी दाबलं, वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, आणि माझ्या कोपरापर्यंत वर नेला. “चाळीस,” ती म्हणाली. “चार गेले. छत्तीस लिवा.”

“वयनी, तुमाले लई उंच पडीन.”

“मले पडीन. त्याले नाई पडत.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? घर बांधून झालं की आई येईल, उजेडात, मोठ्या खिडकीपाशी, आपल्या कोपराच्या मापाच्या ओट्यावर उभी राहून माझ्यासाठी स्वयंपाक करेल, एवढंच मी दहा महिने कागदावर काढत होतो. जमिनीवरून उठवून मी तिला माझ्याच ओट्यापाशी उभी करणार होतो. नकाशे काढणाऱ्यांवर मी एवढा भडकलो होतो, त्यांच्यात माझंही नाव होतं.

दुपारच्या गाडीनं ती परत गेली. बडनेऱ्याच्या फलाटावर मी एकदाच म्हणालो, “मला तू इथं पाहिजे होतीस.”

“मले माहीत हाये,” ती म्हणाली. “म्हनून तं पाहाले आली.” गाडी सुटेपर्यंत तिनं माझा हात खिडकीच्या गजातून धरून ठेवला होता.

आता घर उभं आहे. खिडकीतून उजेड येतो, भरपूर येतो. छत्तीस इंचांच्या ओट्यावर मी रविवारी ज्वारीच्या भाकरी थापतो आणि दरवेळी कड फाटते. मागच्या रविवारी सकाळी आईला फोन लावला. तिकडे बाया जमलेल्या होत्या. तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि सगळ्याच माझ्यावर तुटून पडल्या.

“पानी गरम घेतलं का?”

“घेतलं, मावशी.”

“मंग मळलं नसन. भाषन देल्यासारखं वरच्यावर नको करू, तळहातानं रगड.”

मी रगडत राहिलो. फोन खिडकीच्या काचेला टेकवलेला. हळूहळू त्यांचं बोलणं माझ्यावरून सरकलं. कोणाची तरी सून, कोणाची तरी जागा, मग काहीतरी खालच्या आवाजात, आणि मग हसण्याचा तो लोट, पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी तव्यावर भाकर टाकली, आवाज न करता.

“अवं, तुमचा फोन चालूच हाये,” मावशीचा आवाज आला.

“राहू दे,” आई म्हणाली. “पोट्टं सैपाक करून राहिलं.”