तीनच्या शिफ्टचा माणूस

ती घटना आठवली की दुपारी तीनला आजही माझी नजर घड्याळाकडे जाते. तेव्हा मी रोह्याच्या पोलीस ठाण्यात अधिकारी होतो. एका केमिकल कंपनीची तक्रार आली. कंपनीने आपले सगळे कॉम्प्युटर सांभाळायचं काम मुंबईच्या एका ठेकेदाराला दिलं होतं. ठेकेदाराच्या पोरांना दिसलं की कामावरून कमी केलेला एक वायरमन रोज तीन वाजता आपल्या नावाने सिस्टीममध्ये शिरतो. त्याच क्षणी गॅसगळतीचा भोंगा दोन सेकंद वाजतो. नोकरी गेल्याचा सूड, असा माझा सरळ हिशेब. तिथल्या ठाण्याला कळवून मी त्याच्या गावी, पेणजवळच्या गडबला गेलो.

घरात भिंतीवर त्याच्या फोटोला हार होता. माणूस जाऊन दीड महिना झाला होता आणि माझ्या हातातला कागद सांगत होता की काल तीनला तो कामावर हजर होता. त्याच्या बायकोने तो कागद हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "तीनचीच शिफ्ट व्हती त्यांची."

क्षणभर माझ्याही मनात भुताखेताचं आलं, खोटं कशाला सांगू? पण मेलेल्याच्या नावावर उद्योग करणारे जिवंतच असतात, हे नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं. दोन दिवसांनी गेटवरच्या वॉचमनने खबर दिली, की वायरमनची मुलगी बापाचं ओळखपत्र परत करायला आली होती आणि तो कंपनीत जिथे काम करायचा ती खोली बघू द्या म्हणत होती. मुलीने पेणला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, बापाचा फोन तिच्याकडे. मी नोंदवहीत संशयित म्हणून तिचं नाव लिहून टाकलं. तिचं लग्न ठरलं होतं. पोलीस दारात आल्यावर सोयरीक डळमळली.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरीच करतात. महिला शिपाई घेऊन गेलो, तिचा आणि बापाचा असे दोन्ही फोन टेबलावर ठेवायला लावले आणि आडवेतिडवे प्रश्न सुरू केले. पोरगी 'मी काय बी केलं नाय' या एकाच उत्तरावर ठाम होती. तीन वाजले. माझा फोन वाजला. कंपनीतून मॅनेजर बोलत होता, "साहेब, आत्ता आला तो."

मुलीचे हात मांडीवर होते. ती फोटोकडे बघत म्हणाली, "साहेब, मी तर हितं हाय. मग तिथं कोण हाय?"

मी उठलो. तडक कंपनीत गेलो आणि मॅनेजरलाच समोर बसवलं. कुठल्या मशीनला काय जोडलंय, त्याचा नकाशा मागितला. तो चुळबुळला. नकाशा नव्हताच. ठेका देण्याआधी वायरमन दोन महिने मागे लागला होता, की आधी सगळं कागदावर काढा, मग ठेकेदाराला सिस्टीमच्या किल्ल्या द्या. म्हातारा नोकरीला चिकटतोय म्हणून सगळे हसले होते.

मग भोंग्याची वायर धरून आम्ही पायी निघालो. ती जुन्या स्टोअरच्या भिंतीत शिरत होती. कुलूप तोडलं. आत अंधारात, धुळीखाली एक कॉम्प्युटर घुमत होता. त्याच्यावर वायरमनच्या अक्षरात चिठ्ठी: 'बंद करू नये. रोज तीनला भोंग्याची चाचणी.' काम त्याने आपल्या नावाने लावून ठेवलं होतं, आणि ते चाललं होतं; तो होता तोवर भोंगा तोच हाताने वाजवतो, असं सगळे समजत. ठेकेदार त्याच आठवड्यात ते नाव कायमचं पुसणार होता. मग चाचणी थांबली असती, आणि भोंगा बिघडला असता तरी कुणाला कळलं नसतं. कंपाउंडला लागून आदिवासी वाडी आहे.

शहाणपण एवढंच शिकलो: घर दुसऱ्याच्या हवाली करण्याआधी, ते ज्याने बांधलं त्याच्याबरोबर एकदा सगळ्या खोल्या फिराव्यात. तपासालाही हेच लागू. मी मात्र आधी नाव लिहिलं आणि नंतर खोल्या पाहिल्या.

मुलीचं नाव मी खोडलं, तसं पत्रही दिलं. पत्र घेऊन ती मुलाकडच्यांकडे गेली. त्यांनी वाचलं आणि तरीही नको म्हणाले. मी तेव्हा तिची माफी मागितली नाही. वर्दीत ते सुचलं नाही, आता उशीर झालाय, तरी मागतो.