शहात्तर अंशांचं पाणी

आमच्या मेहकरात दारू गाळणारे पोलिसांची जीप दिसली की नाल्याकडे पळत. त्यामुळे जर्मनीत डार्मश्टाटला आल्यावर सुलेखाताई भर रविवारी दार उघडं टाकून स्वयंपाकघरात बिअर करताना दिसली, तेव्हा माझीच पळायची तयारी झाली होती. ताई वाशीमची, आमचा फ्लॅट एकच. उष्णतेवर पीएच.डी. करायची, शनिवारचा उपास धरायची, आणि बिअर स्वतः चमचाभरच चाखायची.

हे तिला शिकवलं खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या क्राउस यांनी. ते आता मुलीकडे राहायला चालले होते. जाताना म्हणाले, "हे बघ, या खेपेची बिअर तुरट झाली नाही, तर बिअरची माझी दोन्ही पातेली तुझी. झाली, तर भाच्याची."

२००७ चा जानेवारी. इमारतीचा बॉयलर दोन दिवस बंद. त्या रविवारी उठलो, तर शेगडीवर पातेलंभर वाफाळतं पाणी, त्यात दोरीला टांगलेला थर्मामीटर. वाटलं, जर्मनीत आंघोळीचं पाणीही मोजतात. थर्मामीटर काढून ओट्यावर ठेवला, तो घरंगळून फुटला. म्हटलं, नंतर सांगू. बादली भरली, विसण घातलं आणि मनसोक्त अंग शेकलं.

बाहेर आलो, तर ताई रिकाम्या पातेल्यात बघत उभी.

"विनय, यातलं पाणी?"

"आंघोळ केली. तुझ्यासाठी पुन्हा ठेवू का?"

ती खुर्चीवर बसलीच. दुसऱ्या पातेल्यात भिजवलेला जवाचा माल्ट होता. त्याला चिकटलेली साखर धुऊन काढायला ते पाणी होतं, बरोब्बर शहात्तर अंशांचं. याहून फार कढत झालं, तर फोलातला तुरटपणा उतरतो, जास्त उकळलेल्या चहासारखा. माल्ट थंड होत होता, आणि मोजायचं यंत्र मी केराच्या डब्यात टाकलं होतं.

मला वाटलं, आता ही मला वाशीमच्या भाषेत धुणार. ती म्हणाली, "तुझा आंघोळीचा मग आण."

"तो?"

"साबणाने घासून आण. तीन मग उकळतं, एक मग नळाचं. सत्त्याहत्तरच्या आसपास येईल. विसण तुला घालता येतं ना?"

किटली पाच वेळा उकळली. मी मग मोजत होतो, ती माल्टवर पाणी सोडत होती.

पाच आठवड्यांनी क्राउस आले. घोट तोंडात धरून बराच वेळ थांबले. ताईचे हात ओढणीत गुंडाळलेले. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "तुरट नाही. पाणी किती अंशांचं होतं?"

झालं. आता ही खोटं बोलेल, असं वाटलं. तिने आंघोळीपासून मगापर्यंत सगळं सांगितलं.

म्हाताऱ्याने ग्लास नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ग्लासाकडे पाहिलं. मग उरलेली बिअर संपवली.

पातेली ताईची झाली. फक्त पाण्याच्या पातेल्याच्या झाकणावर त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली: हे आंघोळीचं पाणी नाही.