माउसशिवाय मसाल्याचं बिल

मसाल्याच्या काउंटरवर किस्से मिरचीच्या भुकटीसारखे साचतात. झटकायला गेलं की ठसका लागतो! लालबागला कांडपाच्या दुकानात मी बिलं करतो. गाव पाटणकडचं, शाळा चौथीपर्यंत, डोकं तापट. ऐका.

*

बिलाचा प्रोग्रॅम सायलीनं केला. मागच्या चाळीतली पोरगी, तिचं पहिलंच काम. शेठ म्हणाले, "सीझनला रांग तुंबली तर हे खेळणं बाहेर. परत हातानं बिलं."

आणि रांग तुंबायचीच. मिरचीचा हात लागून माउसमध्ये भुकटी जायची, तो अडकायचा. एक तर मी आपटलाच. सायली म्हणाली, "काका, माउस आहे तो, नारळ नाही."

"मग बिनमाउसचं कर की!"

*

तिनं स्क्रीनवरच्या एकेका बटणाला एकेक की दिली. एम दाबलं की मालवणी मसाला. मी दाबत बसलो, पण कर्सर होता गिऱ्हाइकाच्या नावाच्या रकान्यात. बिलावर नाव छापून आलं, 'एमएमएमएम'. परळच्या मावशी म्हणाल्या, "आमच्यात असं नाव नाय ठेवत हो."

मग सायलीनं वरच्या रांगेतल्या एफवाल्या की लावल्या. कर्सर कुठं का असंना, त्या चालतात.

*

बिल रद्द करायला एफ-नाइन. दाबलं की ते विचारायचं, "नक्की?" मी भडकलो. "एकदा सांगितलं ना, परत काय विचारतंय?" सायलीनं ते विचारणंच काढून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी हळदीची गोणी कीबोर्डवर टेकली आणि लग्नघरचं अख्खं बिल गायब. लगेच फोन लावला. "पोरी, विचारू दे त्याला. कितीबी विचारू दे."

*

ऐन एप्रिलचा रविवार. रांग पार रस्त्यावर, आणि स्क्रीन काळा पडला. कॉम्प्युटर घरघरतोय, प्रिंटर चालू, फक्त दिसत काय नाय. शेठनी बिलबुक काढलं.

"ठेवा ते," मी म्हणालो. एफ-वन मालवणी, वजन, एंटर. प्रिंटरनं बिल बाहेर टाकलं. शेठनी वाचलं. मालवणी, दोन किलो. बरोबर. एफ-टू घाटी. पुढचा या. आमच्या पोरीचं काम होतं ते, असं तसं नाय!

फोन केल्यावर सायली दादरवरनं नवा स्क्रीन घेऊन धापा टाकत आली, तोवर रांग दाराच्या आत.

शेठनी काळ्या स्क्रीनकडं बघितलं. हातातल्या बिलाकडं बघितलं. मग तिच्या खोक्याकडं.

"पोरी, दुकानदार हा परत घेईल काय गं?"