जिनसेनचा तिसरा हिरवा दगड

लंकेतल्या रत्नपुराच्या रस्त्यावर सकाळी कागदाच्या पुड्या उघडून उभे राहणारे आम्ही रत्नांचे दलाल. आमच्यात माझ्या चुलतभावाइतका, जिनसेनइतका वेडा कोणी नव्हता. नीलम-पुष्कराजाकडे तो ढुंकूनही बघत नसे. ज्याला नाव नाही, गिऱ्हाईक नाही आणि जन्मात दुसरा दिसायचा नाही, असा दगड दिसला की हा हरखला!

तो मोठा म्हणून मी त्याला अय्या म्हणायचो, मी धाकटा म्हणून तो मला मल्ली. “अय्या, हे काय चाटायचंय?” मी विचारायचो.

“मल्ली, तू मुंगी. साखर दिसेल तिकडेच पळणार,” तो म्हणायचा.

एकट्याने वाढवलेली लेक सीलावती आणि असल्या दगडांचा डबा, एवढाच त्याचा संसार. डब्यात काचेसारखे हिरवे तीन दगड होते. तसे दगड आम्ही कोणी दुसरीकडे पाहिले नव्हते.

सीलावतीचं पहिलं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा जिनसेन धास्तावला. दगड जितका दुर्मिळ, तितकी त्याची राखण मोठी, हे तर आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्याने तिन्हींतला सर्वांत मोठा हिरवा दगड चांदीच्या ताइतात घातला आणि मांत्रिकाकडून सात गाठींच्या दोऱ्याने तिच्या कमरेला बांधवला. बाळंत होईपर्यंत तो सोडायचा नव्हता.

सातव्या महिन्यात कोलंबोहून दगड तपासणारे एक साहेब आले. त्यांनी एक यंत्र डब्याजवळ नेलं. हिरव्या दगडांपाशी ते टकटक वाजायला लागलं.

“यातून किरण निघतात,” साहेब म्हणाले. “एक्स-रेसारखे, दिसत नाहीत. क्षणभर हातात घेतला तर काही नाही, पण अंगाशी ठेवू नका. असे दोनच आहेत ना?”

“दोनच,” जिनसेन म्हणाला.

त्याचे ओठ पांढरे पडले होते. साहेबांची पाठ वळताच तो ओरडला, “मल्ली, चल!”

सीलावतीच्या सासरी, बलंगोड्याला जाणारी बस इतकी हळू चालताना मी कधी पाहिली नाही. तो सारखा बोटांवर ताईत बांधल्यापासूनचे महिने मोजत होता. पाच यायचे, मग पुन्हा मोजायचा.

“तिला सगळं सांगून टाक,” मी म्हटलं.

“काय सांगू? बापानेच पोटाला विस्तव बांधला म्हणून? एक बाळ गेलंय तिचं. पुढचे दोन महिने ती भीतीनेच मरेल.”

“मग ताईत सोडेल कशी ती?”

तो पुन्हा बोटं मोजायला लागला.

सीलावतीने हसत चहा आणला, गुळाचा खडा हातावर ठेवला. तिची सासू दारातच बसली होती. जिनसेनने चहाला हात लावला नाही.

“पोरी, तो ताईत दे. दगडाला गिऱ्हाईक आलंय. पुन्हा असं येणार नाही.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“ताथ्था, थट्टा करताय ना?” तिने बापाला विचारलं.

“थट्टा कसली? दगड माझा आहे. दे.”

“पोटुश्या लेकीच्या कमरेची राखण विकतोय! बाप आहे की कसाई?” सासू कडाडली.

तिने अख्खी आळी गोळा केली. जिनसेन मान खाली घालून उभा राहिला, पण पुढे केलेला हात त्याने मागे घेतला नाही. सीलावतीला गाठी सुटेनात, तेव्हा तिने दोरा दातांनी तोडला. ताईत त्याच्या अंगावर फेकला.

“माझ्या बाळाला काही झालं, तर ते तुम्ही विकून खाल्लंत. पुन्हा या दारात येऊ नका.”

तिन्ही दगड त्याने पडक्या खाणीच्या पाण्यात टाकले. डबा विकून टाकला.

सीलावतीला मुलगी झाली. त्याला जाता येईना, म्हणून त्याने मला धाडलं. “बोटं मोजून ये,” म्हणाला. मी हातापायांची वीस बोटं मोजून आलो. “अंगठे धरून ना?” त्याने तीनदा विचारलं.

आता ती सहा वर्षांची आहे, माकडासारखी झाडावर चढते. तरी तिला साधा ताप आला की जिनसेनचं जेवण सुटतं. गेल्या महिन्यात तिला कांजिण्या आल्या, इस्पितळात ठेवावं लागलं. चार दिवस तो इस्पितळासमोरच्या फणसाखाली उभा होता. सीलावतीने त्याला खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला.

मला राहवलं नाही. “अय्या, आता तरी तिला खरं सांग. किती शिव्या खाशील?”

“सांगितलं तर माझ्या छातीतली ही धडधड तिच्या छातीत जाईल,” तो म्हणाला. “रागच बरा, मल्ली. रागावलेल्या आईला झोप तरी लागते.”